ढीग आणि बारा खोकी

साडेचारला ऑफिसातून पाकीट आलं, आणि धाकटीने ते टेबलावर पालथं घालून वर शर्टांची थप्पी ठेवली. पाकिटं सहसा चांगली बातमी घेऊन येत नाहीत, एवढं तिला नोकरीच्या आठ-साडेआठ वर्षांत कळलं होतं. चांगली बातमी असली की साहेब स्वतः येतात आणि उगाच खाकरतात.

तिला सगळे धाकटी म्हणत, कारण तिची थोरली जाऊ त्याच खोलीत चार नंबरच्या मशीनवर बसायची. थोरलीनेच तिला इथे आणलं, मशीनवर बसवलं, कॉलरचं टोक कसं वळवायचं ते शिकवलं. खोलीत बारा मशीन्स, आणि काम एकच, शर्टांना कॉलर बसवणं. आठ वर्षं धाकटीने तेच केलं. चार महिन्यांपूर्वी साहेब आले, खाकरले, आणि धाकटी चेकर झाली. शिवून झालेला माल तिच्या टेबलावर यायचा. बरा तो पुढे जायचा, बिघडलेला मागे फिरायचा. मागे फिरलेल्या मालाला सगळ्या 'अल्टर' म्हणत.

या अल्टरची त्या खोलीत एक जुनी रीत होती. शेवटचा अर्धा तास मशीन्स बंद, खाली चादर अंथरायची, दिवसभराचा अल्टर त्यावर ओतायचा आणि बारा जणींनी भोवती बसून उसवायला घ्यायचा. कुणी वाकडी शिवली हे कुणी विचारायचं नाही. हाताला येईल ती कॉलर उचलायची. याला त्या 'ढिगाला बसणं' म्हणत. सासू, सुना, नवरे, गुडघे, सगळ्या विषयांचा निकाल ढिगावर लागायचा.

धाकटीचा स्वतःचा अल्टर फार नसायचा. आठ वर्षं तिने दुसऱ्यांचीच उसवण केली आणि कधी बोलली नाही, पण मनात एक काटा होता. चेकर झाल्यावर लगेच तिने तो काढला. भिंतीशी बारा प्लास्टिकची खोकी मांडली, प्रत्येकावर नंबर घातला. प्रत्येक बंडलाला शिवणारीच्या नंबरची चिठ्ठी टाचलेली असायचीच. चिठ्ठी बघायची, त्या खोक्यात टाकायचं. ज्याचं त्याने उसवायचं. ढीग बंद, चादर घडी घालून कपाटात.

पहिल्या आठवड्यात अल्टर निम्म्यावर आला आणि साहेब पुन्हा येऊन खाकरून गेले. दुसऱ्या आठवड्यापासून खोलीत भांडणं सुरू झाली. डबा खायला पूर्वी एक घोळका बसायचा, आता दोन बसू लागले, आणि मधे एवढी जागा की तिथून हातगाडी गेली असती. दोन नंबर आणि नऊ नंबर एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. का, ते धाकटीला कुणी सांगेना. चेकरला कोण सांगतं?

नऊ नंबरला सगळ्या रेडिओ म्हणत. ती सकाळी मशीनबरोबर सुरू व्हायची आणि मशीनबरोबरच बंद व्हायची. थोरलीच्या बरोबर मागे बसायची. पंधरा दिवसांपूर्वी धाकटीने तिला रंगेहाथ पकडलं होतं. थोरलीच्या तयार बंडलात हात घालून रेडिओ एक शर्ट काढत होती आणि आपला एक त्यात सरकवत होती. धाकटीला लख्ख कळलं. स्वतःचं वाकडं तिच्या गळ्यात, आणि तिचं सरळ आपल्या नावावर. तिने सगळ्यांसमोर रेडिओला झापलं आणि वहीत नोंद केली. चमत्कार असा की रेडिओ एक शब्द बोलली नाही. त्याहून लागलं ते थोरलीचं. जिच्यासाठी भांडायला उभी राहिली, ती खाली मान घालून बॉबिन भरत राहिली.

पाकिटातलं पत्र इंग्रजीत होतं. धाकटीला शाळा सोडून वीस वर्षं झाली होती, पण दुकानांच्या पाट्या आणि लेकीची पुस्तकं वाचून वाचून तिने अक्षरं पक्की केली होती. बसमध्ये उभ्या उभ्या तिने पत्र लावायचा प्रयत्न केला. तक्रार, कामगार, सकाळी दहा, उत्तर, हे कळलं. एका शब्दाशी मात्र गाडी अडली. तो ओळीच्या मध्यावर होता, आणि कुणीतरी ठळक केला होता.

घरी लेक अभ्यासाला बसली होती. तिने पत्र वाचलं आणि आईकडे न बघताच सांगितलं की कामगारांची एकत्र तक्रार आली आहे, तुझं वागणं 'डिव्हायसिव्ह' आहे असं ऑफिसचं मत झालंय, उद्या दहापर्यंत लेखी उत्तर दे, नाहीतर चेकरचं काम काढून घेऊ.

धाकटीने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. औषधाच्या बाटलीवर असतो तसा वाटला. तिने अर्थ विचारला. लेकीने फोनवर शोधलं आणि जरा वेळ लावला, जेवढा वेळ वाईट बातमी सांगणारा लावतो.

"लोकांत फूट पाडणारं," लेक म्हणाली.

धाकटी पाणी प्यायला उठली ती तशीच माठाशी उभी राहिली. फूट पाडणारी. म्हणजे ती, जिला बघून बायका बोलणं थांबवतात. जी याचं त्याला आणि त्याचं याला सांगते. एका चुलीच्या दोन चुली करते ती. आठ वर्षं बाकीच्यांचे टाके उसवले, त्याचं हे नाव.

"शिवी आहे," ती म्हणाली.

लेकीला शब्दांची बाजू घ्यायची खोड होती. ती म्हणाली की अगदी शिवी नाही. ती वाचत गेली, हा शब्द बहुतेक वेळा निर्णयाला लावतात, भाषणाला लावतात, एखाद्या प्रश्नाला लावतात. ज्याच्यामुळे एका जागचे लोक दोन बाजूंना जातात, त्याला.

"माणसाला लावत नाहीत?"

"लावतात. पण इथे तुझ्या वागण्याला लावलाय."

"मुद्दाम केलं तरच लागतो की कसाही?"

लेकीने पुन्हा पाहिलं, खालपर्यंत पाहिलं. "मुद्दामचं काही लिहिलेलं नाही, आई. बाजू झाल्या की झालं."

हे धाकटीला फारच अन्यायाचं वाटलं. आपल्याकडे फूट म्हटली की ती पाडणारा लागतो, त्याच्या मनात काळं लागतं. हा कसला शब्द, जो मनात डोकावतही नाही. तिने माठावर पेला आपटला आणि सांगितलं, कागद घे, मी सांगते तसं लिही.

उत्तर ती बसमध्येच जुळवत आली होती. पहिलं, बाजू मी पाडल्या नाहीत, कामचुकारांनी पाडल्या. दुसरं, माझ्याकडे चार महिन्यांचा तक्ता आहे, कुणाच्या खोक्यात किती अल्टर, रोजचा. तिसरं, माझी सख्खी जाऊ त्याच खोलीत आहे, पण मी तिलाही सूट दिली नाही. तिचं खोकं सगळ्यांत रिकामं असतं ते तिच्या हाताच्या सफाईमुळे. चौथं, नऊ नंबर माल बदलते. याचा पुरावा म्हणून तिने नऊ नंबरच्या खोक्यातले तीन शर्ट आणले होते, चिठ्ठीसकट. ते तिने पिशवीतून काढून लेकीसमोर टाकले. उद्या ऑफिसातल्या मॅडमच्या, पत्रावर सही होती त्यांच्या, टेबलावर टाकणार होती तसेच.

लेक लिहिता लिहिता एका हाताने शर्टाशी चाळा करत होती. अंगठा कॉलरच्या आतून फिरत टोकापाशी आला आणि थांबला. तिने कॉलर उलटी केली. दुसरा शर्ट उचलला, अंगठा फिरवला. मग तिसरा.

"हे रेडिओमावशीने शिवलेत?"

"चिठ्ठी दिसत नाही का? नऊ."

"ही गाठ काकूची आहे."

धाकटी म्हणाली, काहीतरी बोलू नकोस. पण तोवर तिचाही अंगठा कॉलरच्या आत गेला होता. टोकाला शिवण संपते तिथे बाकी सगळ्या जणी मशीन मागेपुढे करून दोरा कापतात. थोरली तेवढ्यावर कधीच थांबली नाही. ती दोन्ही दोरे धरून हाताने एक बारीक गाठ मारते, मोहरीएवढी. लेकीचे शाळेचे सगळे शर्ट काकूनेच शिवलेले. दहा वर्षं ती गाठ लेकीच्या मानेला टोचली होती, आणि दहा वर्षं तिने त्यावरून घरात कुरकुर केली होती. ती गाठ ओळखण्यात तिची चूक होणं शक्य नव्हतं. अख्ख्या कारखान्यात ती गाठ मारणाऱ्या दोघीच. एक थोरली, आणि तिने शिकवलेली धाकटी.

गाठ तशीच होती, घट्ट, जागच्या जागी. शिवणच तिला सोडून गेली होती. उजवीकडे येता येता टाका कडेवरून घसरला होता, रस्ता चुकलेल्या माणसासारखा. तिन्ही शर्टांत उजवीकडेच.

धाकटी खुर्चीवर बसली. दिवसाला सहाशे कॉलरी तिच्या हाताखालून जात होत्या. मशीनवर होती तेव्हा तिला शिलाई बघून माणूस ओळखू यायचा. ही दोन नंबरची, घाईची. ही सातची, आज घरी काहीतरी झालंय. चेकर झाल्यापासून ती चिठ्ठी वाचायला लागली होती.

आता बाकीचं एकेक करून उलटं फिरलं. रेडिओ थोरलीच्या बंडलातून जे काढत होती ते वाकडं होतं. जे सरकवत होती ते सरळ. आणि दोन नंबर बोलत नाही ती याच्यावरूनच असणार. ढीग होता तोवर थोरलीचं वाकडं सगळ्यांत विरून जात होतं, कुणाला उचलून धरावं लागत नव्हतं. खोकी आली आणि प्रत्येकीला ठरवणं भाग पडलं, की हिची कॉलर मी माझ्या नंबरावर घ्यायची की नाही. काहींनी घेतली, काहींनी नाही. तिथे मधली जागा पडली.

"उत्तर पुरं करायचं ना?" लेकीने विचारलं.

"थांब," धाकटी म्हणाली आणि शर्ट घेऊन मागच्या गॅलरीत गेली.

दोन भावांच्या दोन घरांना गॅलरी एकच होती. थोरली दोरीवरचे कपडे काढत होती. उजेड अजून होता. धाकटी दाराशीच थांबून बघत राहिली. थोरली चिमट्यापर्यंत हात नेत होती, आणि उजवीकडचा चिमटा आला की आधी बोटांनी दोरी चाचपत होती. रोज शेजारी उभं राहून जी गोष्ट दिसली नव्हती, ती आता दिसल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिने शर्ट पुढे धरला. थोरलीने तो डोळ्यांजवळ नेला नाहीच, अंगठ्याने गाठ चाचपली आणि परत दिला.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

थोरलीने कपड्यांची घडी घालत घालत सांगितलं. दीड वर्ष झालं. उजव्या डोळ्यासमोर कुणी दुधाचा हात फिरवल्यासारखं दिसतं. आधी ढिगात निभावून जात होतं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ढिगाला बसलेल्या बायकांना कळलं होतं, आणि कुणी तिला कळू दिलं नव्हतं की कळलंय. निवृत्तीला सात महिने राहिलेत. डोळ्याचं ऑफिसला कळलं तर आज घरी बसवतील.

"मला का नाही सांगितलंत, जाऊबाई?"

"तू चेकर झालीस," थोरली म्हणाली. जणू धाकटी परगावी राहायला गेली होती.

मग धाकटीला पत्राचं विचारायलाच हवं होतं. तिने दोरीकडे बघत विचारलं, त्या तक्रारीच्या अर्जावर तुमची सही आहे का.

"पहिली माझी आहे."

थोरलीने दोघींमधलं धोतर चाचपलं आणि ओलं म्हणून दोरीवरच राहू दिलं. थोरली सांगत होती की सह्या बाराच्या बारा आहेत. दोन आणि नऊ नंबरची त्या दिवशी तेवढ्यापुरती एकी झाली.

"फूट पाडणारी म्हणून सही केलीत माझ्यावर?"

थोरलीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, मान जरा उजवीकडे वळवून, डाव्या डोळ्याने. "तसं कोण म्हणालं?"

धाकटीने पत्र सांगितलं, शब्द सांगितला, लेकीने काढलेला अर्थ सांगितला. थोरलीला तो शब्द उच्चारताही आला नाही. ती म्हणाली, अर्जात एकच ओळ होती, मराठीत, रेडिओच्या अक्षरात. 'आमचा ढीग आम्हाला परत द्या.' तुझं नाव त्यात कुठेच नव्हतं. ऑफिसने त्याचं इंग्रजी काय केलं ते ऑफिसला माहीत.

घरात आल्यावर धाकटीने लेकीला आधीचा कागद फाडायला लावला. तक्ता तिने स्वतः पुन्हा एकदा पाहिला. चार नंबरच्या रकान्यात शून्य, एक, शून्य, शून्य, आणि नऊ नंबरच्या रकान्यात रोजची रास. तक्ता दिला तर रेडिओ जाते. खरं सांगितलं तर थोरली जाते. उत्तरच दिलं नाही तर मॅडम तिला काढून दुसरी चेकर बसवणार, आणि खोकी तिथेच राहणार. ऑफिसला खोकी आवडली होती, त्यांना फक्त भांडणं नको होती. जेवताना नवऱ्याने विचारलं, काय झालंय. ती म्हणाली, इंग्रजी झालंय.

सकाळी दहाला दोन मिनिटं कमी असताना ती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडम तरुण होत्या, वाईट नव्हत्या, आणि त्यांना पावणेअकराला दुसरी मीटिंग होती. त्यांनी बसा म्हटलं. धाकटी उभीच राहिली.

तिने कागद दिला. लेकीने तो चार ओळींत बसवला होता. मॅडमनी वाचला आणि कपाळाला आठ्या पाडल्या. कागदात लिहिलं होतं की खोक्यांचा सगळा तक्ता चुकीचा आहे आणि चूक चेकरची आहे.

मॅडमनी विचारलं, चुकीचा म्हणजे कसा, तक्ता तर व्यवस्थित दिसतो.

"मी कापड तपासलं नाही, मॅडम. चिठ्ठ्या तपासल्या. चिठ्ठी एका टाचणीने बदलता येते. त्या बारा रकान्यांतला एकही आकडा ज्याचा त्याचा नाही."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मॅडमनी विचारलं, कोण बदलतं. हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. रात्रीपासून तिने त्याच्यावर दोन-तीन उत्तरं करून पाहिली होती, पण आता तिने वेगळंच दिलं.

"ते मला दिसायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "चार महिने दिसलं नाही. म्हणून म्हणते, मला चेकर ठेवू नका."

मॅडम पेन हातात फिरवत राहिल्या. वहीत नऊ नंबरची नोंद आहे, त्या म्हणाल्या. धाकटीने सांगितलं की तीही तिचीच चूक आहे, पाहिलं एक आणि लिहिलं दुसरं. नोंद खोडून हवी आहे, तिची सही घ्या खाली. मॅडमनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. काहीतरी आहे, हे त्यांना कळलं होतं. ते शोधायला बसलं तर पावणेअकराची मीटिंग जाते, हेही कळलं होतं. आणि ढिगाच्या दिवसांत या खोलीचा माल वेळेवर जात होता, आता जात नाही, हे तर त्यांच्याच समोरच्या कागदावर होतं.

"मग खोकी ठेवून उपयोग काय?" त्या जवळजवळ स्वतःशीच म्हणाल्या.

आयुष्यात फार थोड्या वेळा धाकटीने तोंडाशी आलेलं गिळलं होतं, त्यातली ही एक.

महिनाअखेरपर्यंत खोकी काढून बघू, असं ठरलं. धाकटी सोमवारपासून मशीनवर. मॅडमनी मूळ पत्र पुढे सरकवलं, पोचल्याची सही हवी होती. मग त्यांचं लक्ष त्या ठळक शब्दाकडे गेलं. त्यांचा स्वर जरा खाली आला. या शब्दाला तुमची हरकत असेल तर आत्ता लिहा, असं त्या म्हणाल्या, कारण हे फायलीत राहतं.

"शब्द बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "आकडे चुकलेत." आणि सही केली.

सोमवारी संध्याकाळी मशीन्स थांबली. कपाटातली चादर दोन नंबरने काढली, झटकली आणि एका टोकाला धरून उभी राहिली. दुसरं टोक कोण धरतं ते कुणी बघत नाही असं सगळ्या जणी दाखवत होत्या. रेडिओने धरलं. बोलल्या दोघी नाहीत, पण चादर सरळ अंथरली गेली. नव्या चेकरने अल्टर ओतला. तिला कारण कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं काय करायचं ते सांगितलं होतं.

धाकटी उभी राहिली. भोवती बसलेल्यांनी जागा सोडली नव्हती. अडवलीही नव्हती. सरकायला म्हणून कुणी सरकत नव्हतं इतकंच. तिने मग थोरलीच्या उजव्या बाजूला, जिकडचं तिला दिसत नव्हतं तिकडे, गुडघा घालून स्वतःच जागा केली. सात नंबर कुरकुरली आणि चार बोटं सरकली.

बसता बसता ती थोरलीच्या कानाशी वाकली. गुरुवारची डॉक्टरची वेळ घेतलीये, ती म्हणाली, अर्ध्या दिवसाची रजा माझ्या गुडघ्याच्या नावावर टाकलीये, तुम्ही फक्त सोबत म्हणून यायचं. थोरली म्हणाली, बघू. धाकटी म्हणाली, बघायचंच आहे, त्यासाठीच जायचंय. थोरलीच्या ओठांची एक बाजू हलली, पण ती उसवत राहिली.

रेडिओ समोर बसली होती. झापल्यापासून ती धाकटीशी एक शब्द बोलली नव्हती, आणि एवढा साठा पोटात धरणं तिला किती जड गेलं असेल ते तिलाच ठाऊक. धाकटी तिच्याकडे बघून म्हणाली, "त्या दिवशी मी..."

रेडिओने ढिगात हात घातला, एक कॉलर उचलली, आतून अंगठा फिरवला आणि ती धाकटीच्या मांडीवर टाकली.

"हे घे," ती म्हणाली. "तुमच्या घरचंच आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. दोन नंबर असावी. धाकटीने कात्रीचं टोक गाठीखाली घातलं. गाठ फार घट्ट होती, कात्री दोनदा सरसावून धरावी लागली.